पिवळं राज्य आणि मास्तरची मिशी

संपादकांनी पत्रात लिहिलंय की, शिक्षकी पेशातले अनुभव पाठवावेत आणि ते शक्यतो प्रेरणादायी असावेत. पत्र मी दोनदा वाचलं. सत्तावीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवून बाहेर पडलेल्या माणसाकडे प्रेरणा शिल्लक उरते, अशी या तरुण संपादकांची समजूत दिसते. तरीही आठवून पाहिलं. गावाच्या लक्षात राहील असं माझ्या हातून एकच काम झालं. मी एक खेळ तयार केला होता. त्यात राज्यं होती, फौजा होत्या, तह होते, आणि त्या खेळापायी एका माणसाची जमीन गेली. यातून कुणाला प्रेरणा मिळाली तर ती त्याने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावी.

नोकरी लागली ते गाव तळोद्याच्या खालच्या अंगाला, तापीकाठी. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून दिवाळी अंक वाचतात. मी मूळचा नाशिककडचा. रुजू व्हायला निघालो तेव्हा काकांनी विचारलं होतं की, तिकडे शिक्षा म्हणून पाठवतायत की आपण होऊन चाललायस? नंदुरबारला आगगाडीतून उतरायचं, मिरचीच्या ठसक्याने खोकत खोकत बाजारातून बाहेर पडायचं, मिळेल त्या गाडीने नदीपर्यंत जायचं आणि नावेने तापी ओलांडायची. शाळा चार खोल्यांची, पत्र्याची. उन्हाळ्यात आत बसलं की मास्तर आणि विद्यार्थी दोघांनाही सगळ्या लढाया सारख्याच वाटत.

मुलं घरी अहिराणी बोलत, काही घरांत गुजराती वळणाची बोली चाले, आणि डोंगरातून वसतिगृहात आलेली मुलं आपसात भिलोरी बोलत. पुस्तकातली मराठी ही तिथे फक्त फळ्यावर आणि कचेरीत सापडणारी वस्तू होती. अशा मुलांना मी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी झालेल्या तहाची कलमं पाठ करायला सांगत असे आणि तीही बिचारी करत असत. एकदा पेपरात एकाने तहाची सतराही कलमं बिनचूक लिहिली आणि शेवटी लिहिलं की, सालबाई ही फार शूर बाई होती. त्या दिवशी मी ठरवलं की हे असं चालायचं नाही.

मांजरपाटाची दोन पानं शिवून मी चादरीएवढा नकाशा केला. नद्या निळीने काढल्या, डोंगर काथाने. त्यावर अठराव्या शतकातली पाच मोठी राज्यं मांडली: पुणं, हैदराबाद, इंदूर, बडोदं आणि मुंबईची कंपनी. एकेक राज्य चार-पाच मुलांच्या गटाकडे. फौज म्हणजे चिंचोके, राज्याची सीमा म्हणजे सुतळी. खेळातल्या वर्षाला दोन चाली, एक दसऱ्यानंतर स्वारीची आणि एक पावसाळ्याआधी तहाची. तह चिठ्ठीवर लिहायचा, दोघांनी सह्या करायच्या आणि भाताच्या शिताने चिकटवून माझ्याकडे द्यायचा. बाकीच्यांना तो फुटेपर्यंत कळायचा नाही. मुलांनी चिठ्ठ्या आधी फोडण्याचे जे मार्ग शोधून काढले, त्यावरून माझी खात्री झाली की यातली निम्मी पुढे राजकारणात जातील. निम्मी गेलीही.

खेळाचा खरा जीव होता तो मोठ्या राज्यांच्या मधे मी हळदीने रंगवलेल्या छोट्या राज्यांत. त्यांना सगळे पिवळी राज्यं म्हणत. दोन बलाढ्य शेजारी एकमेकांना भिडू नयेत म्हणून मधे एक दुबळं राज्य जिवंत ठेवायचं, ही जगभरच्या मुत्सद्द्यांची जुनी युक्ती आहे. माझा नियम असा होता की पिवळं राज्य गिळायला एक चिंचोकाही लागत नाही. पण गिळलं की तुमची सुतळी थेट मोठ्या शेजाऱ्याच्या सुतळीला लागली, आणि तिथून पुढे दर चालीला दहा चिंचोके त्या सीमेवर नुसते बसवून ठेवायचे. हावरट राजाची फौज अशी बसल्या जागी संपायची. पिवळं जिवंत ठेवलं तर ते दोघांचा पहारा फुकटात करायचं. आणि पिवळ्या गटाला मी शिकवत असे की, दोघांशी गोड बोला, कुणाच्याही पदराला बांधून घेऊ नका, आणि स्वतःच्या हक्काचा आवाज काढू नका. त्या दोघांचं वैर हीच तुमची तटबंदी.

हे शेवटचं वाक्य मी फार ऐटीत म्हणायचो. फळ्यावर लिहूनही ठेवलं होतं.

आमच्या मुलांनी या शास्त्रात एक भर घातली, जी कुठल्याही इतिहासात नाही. पिवळं राज्य उघडपणे कुणीच गिळेना. पण रोज मधली सुट्टी झाली की सुतळी बोटभर सरकलेली असायची. सोमवारी तळहाताएवढं असलेलं पिवळं राज्य शनिवारी शेंगेएवढं उरायचं आणि दोन्हीकडचे राजे साळसूदपणे म्हणायचे की, ते पहिल्यापासून तेवढंच होतं. मला आधी कळेना. मग लक्षात आलं की ही बहुतेक बागायतदारांची पोरं. घरी वडील दर नांगरणीला बांधाचं एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आपल्याकडे ओढतात, हे ती जन्मापासून बघत आली होती. आवाज नाही, भांडण नाही, आणि एका पिढीत अर्धा बिघा आपला. मी नियम केला की सुतळीला हात लावणाऱ्याचे पाच चिंचोके जप्त. तेव्हापासून ती पायाने सरकवू लागली.

एकदा तपासणीसाहेब आले. त्यांनी दारातूनच चिंचोके आणि चिठ्ठ्या पाहिल्या आणि मला बाजूला घेऊन शाळेत जुगार चालतो का म्हणून विचारलं. मी खेळ समजावून सांगितला. त्यांनी खात्री करून घ्यायला पुण्याच्या गटातल्या एका मुलाला विचारलं की, वसईचा तह कधी झाला? मुलगा उभा राहून शांतपणे म्हणाला, "सायेब, तो आम्ही अजून व्हऊ दिधा नही."

साहेबांनी शेरा लिहिला की, इतिहासाच्या शिक्षकांनी इतिहासात बदल करू नये. तो शेरा माझ्या नोकरीच्या कागदांत शेवटपर्यंत होता. पुढे जे झालं ते पाहता, साहेब माणूस द्रष्टा होता म्हणायचा.

शाळा चालवणाऱ्या मंडळात गावातली दोन मोठी घरं होती. एक नरोत्तमभाईंचं. गुजरातेतून पिढ्यांपूर्वी येऊन तापीकाठी रुजलेलं, केळी आणि ऊस पिकवणारं घर. नरोत्तमभाई बोलायला इतके गोड की त्यांनी नकार दिलाय हे घरी पोचल्यावर कळायचं. दुसरं दगाजी आबांचं, इथलंच जुनं पाटलाचं घर, कापसाचं. आबा दिवसाला मोजून वीस शब्द बोलत आणि त्यातले दहा बैलांशी. दोघांची शेतं नदीकाठी शेजारी शेजारी, आणि दोघांत बापांच्या काळापासून बोलणं बंद. मंडळाच्या सभेत एक हाताच्या अंतरावर बसून ते माझ्यामार्फत बोलायचे. नरोत्तमभाई मला सांगत की, त्यांना विचारा, खिडकी लावली तर चालेल का? मी आबांना विचारत असे. आबा मान हलवत. मी नरोत्तमभाईंना कळवत असे की त्यांनी मान हलवली. एका खिडकीला सात मिनिटं लागायची.

स्नेहसंमेलनात मुलांनी खेळ मांडून दाखवला आणि हे दोघं बघायला आले. आले ते आलेच. पुढच्या रविवारी सकाळी नरोत्तमभाई सहज म्हणून डोकावले. त्याच्या पुढच्या रविवारी आबा आले. महिन्याभरात मुलं बाजूला झाली आणि नकाशावर म्हातारे बसले. नरोत्तमभाईंकडे पुणं, आबांकडे हैदराबाद, कंपनी पोस्टमास्तरांकडे, आणि मी न्यायाधीश, दुभाषा आणि दोन्ही दरबारांचा वकील. दोन्ही घरचा चहा मला यायचा. मी एकाचा आधी प्यायलो तर दुसऱ्याचा गार होई, म्हणून दोन्ही कप मी एकेक घोट आळीपाळीने पीत असे. आपण फार मोठे मुत्सद्दी आहोत असं मला वाटू लागलं होतं. चहाने माणसाला काय काय वाटतं याला मर्यादा नाही.

आता वेस्ताबद्दल सांगतो.

या दोन घरांच्या बापांच्या वेळी बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या होत्या. एकाचा हात गेला, दुसऱ्याचा भाऊ तुरुंगात जाऊन आला. मग गावातल्या शहाण्यांनी तोड काढली. दोन्ही शेतांच्या मधली एक लांबलचक पट्टी दोघांनीही नांगरायची नाही. कागदावर ती निम्मी याची आणि निम्मी त्याचीच राहिली. पण त्या पट्टीवर त्यांनी डोंगरातून एक भिल्ल आणून बसवला. त्याने दोन्ही शेतांची राखण करायची, सुगीत दोघांकडून धान्य घ्यायचं, आणि पट्टी स्वतःसाठी कसायची. तो वेस्ताचा बाप. त्याच्यामागून वेस्ता. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नरोत्तमभाई आणि आबा आपापल्या बाजूने यायचे, पट्टीच्या दोन कडांना चुना लावलेले दगड मांडायचे आणि एकमेकांकडे न बघता निघून जायचे. वेस्ता मधे उभा राहून दोघांना दगड सरळ आहेत की नाही ते सांगायचा. दोघांना एकमेकांवर विश्वास नव्हता, पण वेस्ताच्या डोळ्यांवर होता.

वेस्ता चाळिशीचा, काटक, हसताना तोंडावर हात घेणारा. बायको जमनी. पट्टीवर त्याने झोपडी बांधली होती, पाण्यासाठी एक झिरा खणला होता आणि बापाने लावलेलं आंब्याचं झाड जपलं होतं. तूर आणि मिरची करायचा. मिरची डोक्यावरून नंदुरबारला नेऊन विकायचा आणि त्यातली एक पिशवी दर वर्षी माझ्या घरी आणून ठेवायचा. मी त्याची पत्रं वाचून दाखवत असे, म्हणून. डोंगरातल्या मेहुण्याकडून वर्षाकाठी एखादं पत्र यायचं, तेही कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. एवढ्या मोबदल्यात पिशवीभर मिरची मिळत असेल तर मुत्सद्देगिरी हा वाईट धंदा नाही.

पट्टी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी हरखून गेलो होतो. जे मी हळदीने रंगवलं होतं, ते इथे जिवंत होतं. मी ते वर्गात सांगितलं. रविवारच्या बैठकीत त्या दोघांनाही सांगितलं. म्हटलं, तुमच्या वडीलधाऱ्यांनी जे केलं ते युरोपातल्या राजांनाही जमलं नाही. तुमचं वैर आहे तोवर वेस्ता आहे, आणि वेस्ता आहे तोवर तुमच्या कुऱ्हाडी भिंतीवर आहेत. दोघांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मला वाटलं कौतुकाने पाहतायत.

त्याच सुमारास जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हावी असा कायदा आल्याची चर्चा गावोगाव पोचली होती. एका दुपारी शाळा सुटल्यावर वेस्ता आला. तळोद्याच्या बाजारात त्याने ऐकलं होतं की, तलाठ्याच्या पीकपाहणीत नाव लागलं तर पुढेमागे जमीन मागता येते. तलाठी आठवड्याभरात येणार होता. वेस्ताला अर्ज लिहून हवा होता. गावात लिहिता येणारे पुष्कळ होते, पण या घरचाही नाही आणि त्या घरचाही नाही असा मी एकटाच.

मी कागद घेतला. मायना लिहिला, वेस्ताचं नाव लिहिलं, त्याच्या बापाचं नाव लिहिलं. मग माझी नजर भिंतीला टांगलेल्या नकाशावर गेली आणि माझ्यातला मुत्सद्दी जागा झाला. तो त्या दिवशी झोपून राहिला असता तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

मी वेस्ताला समजावलं. एवढे दिवस दोघेही तुला का ठेवून आहेत? कारण तू कुणाचाच नाहीस आणि काही मागत नाहीस. उद्या तू नाव लावलंस की तू तिसरा मालक झालास. मग दोघेही तुझ्यावर उलटतील. गप्प राहणं हीच तुझी ताकद आहे. वेस्ता ऐकत होता. मग तो उठून नकाशाजवळ गेला आणि त्याने हळदीच्या डागावर बोट ठेवलं.

"हाई पिवळं कोन शे, मास्तर?"

"ते तू आहेस, वेस्ता," मी म्हणालो. काय समाधान वाटलं होतं मला ते म्हणताना.

त्याने पुण्याकडे पाहिलं, हैदराबादकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण नकाशा त्याला माझ्यापेक्षा लवकर कळला. तो म्हणाला, "आनि या दोन्ही जमी गयात ते?"

सत्तावीस वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. आणि मी हसलो. "ते दोघं जमले तर मी ही मिशी काढीन," मी म्हणालो.

माझी मिशी त्या काळी पाहण्यासारखी होती. वेस्ताने तिच्याकडे नीट पाहिलं, बरं म्हणाला आणि निघून गेला. अर्धा लिहिलेला अर्ज मी घडी करून नकाशा ठेवायच्या ट्रंकेत टाकला. तलाठी आला, बांधाबांधाने फिरला, पट्टीचं पीक निम्मं नरोत्तमभाईंच्या आणि निम्मं आबांच्या नावाने लिहून चहा पिऊन गेला. वेस्ता जवळच उभा होता. मी सांगितलं होतं म्हणून गप्प.

त्या वर्षीच्या खेळात पोस्टमास्तर जोरात होते. कंपनीने बडोदं खिशात घातलं, इंदूर एकटं पाडलं, आणि पुणं-हैदराबाद दोघांचेही चिंचोके संपत आले. एका रविवारी मला राहवेना. मी नियमांच्या चौकटीत राहून दोघांना सुचवलं की, तह करायला हरकत नाही. मग दगाजी आबांनी, बापाच्या काळापासूनचं मौन सोडून, नरोत्तमभाईंच्या डोळ्यांत पाहत थेट त्यांना सांगितलं, "तुम्हना दहा चिंचोका अठे ठेवा."

नरोत्तमभाईंनी ठेवले. दोघांनी मिळून कंपनीला मुंबईच्या बेटावर कोंडलं. पोस्टमास्तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि माझी पत्रं उशिरा येऊ लागली. मी मात्र घरी जाऊन बायकोला सांगितलं की, आज मी इतिहास घडवला. ती तूर निवडत होती. तिने विचारलं की त्याचं काय करायचं असतं?

तीन आठवड्यांनी आबांच्या ओट्यावरून बोलावणं आलं. जाऊन पाहतो तर एकाच खाटेवर दोघं. मधे पानाचा डबा. नदीवर इंजिन बसवायचं ठरलं होतं. एकेकट्याला पाट काढणं जड, दोघांना मिळून सोपं. पाट मधल्या पट्टीतून न्यायचा, त्याच्या अलीकडची जमीन याची, पलीकडची त्याची. दोघांनाही ऊस करता येणार होता. आणि हे सगळं, माझ्या खेळातल्यासारखं, रीतसर कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या. लिहायचं मी, कारण माझं अक्षर चांगलं.

"आणि वेस्ता?" मी विचारलं.

नरोत्तमभाईंनी मला हाताने धरून खाटेवर बसवलं. ते नेहमीच्या गोडव्याने म्हणाले, "मास्तर, आते राखन कोनपासून करनी? चोर ते आम्हीच व्हतूत."

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी त्या दिवशीच्या वीस शब्दांतले दोन माझ्यावर खर्च केले. "तुम्हीच शिकाडं," ते म्हणाले.

मी त्या वेळी उठून गेलो असतो, कागद फाडला असता, निदान अक्षर तरी वाईट काढलं असतं, असं मी पुढे पुष्कळदा मनात करून पाहिलं आहे. प्रत्यक्षात मी टाक बुडवला आणि लिहिलं. स्वच्छ, वळणदार, एकही खाडाखोड नाही. लिहिताना माझ्या मनात असंही येऊन गेलं की मसुदा छान झालाय. ही लाज मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. दोघे इतके खूश झाले की त्यांनी त्याच बैठकीत शाळेला इतिहासासाठी वेगळी खोली बांधून द्यायचं कबूल केलं. ती बांधलीही. कोनशिलेवर दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत, आणि खाली बारीक अक्षरांत, प्रेरणा म्हणून, माझं. संपादकांनी मागितलेली प्रेरणा ती हीच असावी.

ओट्यावरून उतरलो तो सरळ न्हाव्याकडे गेलो. आमच्याकडे माणूस अशी अचानक मिशी काढतो ती आई किंवा बाप गेल्यावर. त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझ्या दारात माणसं यायला लागली. कोण गेलं, कधी गेलं, तार आली का? माझे आईवडील नाशिककडे ठणठणीत होते. मी सगळ्यांना उन्हाळ्याचं कारण सांगितलं. नरोत्तमभाई आणि आबाही आले, एकत्र आले, आणि दोघांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या दोघांनाही मी उन्हाळा असंच सांगितलं.

वेस्ताला मिरची निघेपर्यंत मुदत दिली होती. मालकांच्या मते हा मोठाच उदारपणा होता. इंजिनावर रोजाने ये असंही म्हणाले. तो गेला नाही. मी त्याला घेऊन नंदुरबारच्या एका वकिलाकडे गेलो. वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की, पीकपाहणीला नाव आहे का? नाही म्हटल्यावर त्याने टोपण पेनाला लावलं. तो म्हणाला की, एक ओळ असती तर जिंकलो नसतो कदाचित, पण भांडलो तरी असतो. त्या दिवशी नाव लावू नको असा सल्ला कुठल्या गाढवाने दिला याला? वेस्ता माझ्या शेजारीच बसला होता. मी म्हणालो, होता कुणीतरी.

परत येताना नावेत आम्ही दोघेच होतो. मला काहीतरी म्हणायचं होतं. मी पाणी किती उतरलंय याबद्दल बोललो.

आखाजी आली. त्या वर्षी चुन्याचे दगड दोन रांगांत मांडलेच नाहीत. पट्टीच्या मधोमध पाटाची आखणी झाली. आखणी सरळ आहे का ते बघायला कुणी नव्हतं, म्हणून मालकांनी दोरी लावली. आंबा पाटाच्या वाटेत येत होता. तो पाडला, त्याचं लाकूडही निम्मं निम्मं वाटून घेतलं.

जायच्या आदल्या दिवशी वेस्ता शाळेत आला. वर्ग सुटलेला होता. तो आणि जमनी तळोद्याच्या वर, डोंगरात, मेहुण्याच्या पाड्यावर चालले होते. त्याच्या खांद्यावर पिशवी होती. दर वर्षीसारखी लाल मिरचीची. ती त्याने टेबलावर ठेवली. मी नको म्हणालो. तो म्हणाला की, यंदा पत्र वाचलं होतं ना तुम्ही? मला आठवलं, वाचलं होतं. मेहुण्याने लिहिलं होतं की, इकडे ये.

मी ट्रंक उघडून तो अर्धा अर्ज काढला होता. का काढला होता ते मला माहीत नाही. त्याच्यापुढे धरला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्याने तो हातात घेतला, कुठे थांबलाय ते पाहिलं आणि घडी घालून परत दिला. मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. गेले कित्येक आठवडे आम्ही भेटत होतो, वकिलाकडे जाऊन आलो होतो, पण त्याने ते आजवर विचारलं नव्हतं.

"मिशी काढी टाकी, मास्तर?"

"ते दोघं जमले ना," मी म्हणालो. "मी बोललो होतो."

त्याने मान हलवली. माझी समजूत काढल्यासारखा तो म्हणाला, "मिशी ते परत उगी."

तो हसला नव्हता, टोमणाही मारला नव्हता. माणूस आपल्या मास्तरला धीर देत होता. पिशवी तिथेच ठेवून तो गेला, आणि वर्षभर आम्ही ती मिरची खाल्ली.

खेळ मी त्यानंतर मुलांना शिकवला नाही. तपासणीसाहेब पुढच्या वर्षी आले तेव्हा वर्ग सालबाईच्या तहाची कलमं पाठ करत होता. साहेबांनी समाधानाचा शेरा दिला. या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. रोज सकाळी मी आरशासमोर बसतो आणि ओठावरची जागा साफ करतो. बायको म्हणते, आता ठेवा, वय झालं. वेस्ता म्हणाला ते खरं आहे. ती रोज उगवते.